ध्वनिमुद्रणाची कळ आणि आमचा आवाज

आंबेडकरी जलशांचा, शाहिरीचा आणि भीमगीतांचा इतिहास आता थोडाफार लिहिला गेला आहे. कोणी गायिले, काय गायिले, कोणत्या सभेत गायिले, याच्या नोंदी आपल्या अभ्यासकांनी मोठ्या कष्टाने जमवल्या आहेत. पण हे गाणे तबकडीवर, फितीवर किंवा संगणकात उतरताना यंत्राची कळ कोणाच्या हाती होती? शब्द आमचे, गळा आमचा, हलगीचे कातडे आमच्या हातचे. आणि ‘सुरू’ व ‘बंद’ म्हणणारा मात्र दुसराच, ही व्यवस्था जवळजवळ शंभर वर्षे चालली. गेल्या दीड दशकात मोबाइल आणि टॅबलेट यांवरून ध्वनिमुद्रणाचा संगणक दुरून, तारेवाचून चालवता येऊ लागला आहे. बाजारात ही गोष्ट सोय म्हणून विकली जाते. मी मात्र तिच्याकडे इतिहासाचा शिक्षक म्हणून पाहतो, आणि मला तिच्यात त्या जुन्या व्यवस्थेला पडलेली एक चीर दिसते. चीर म्हणतो, क्रांती म्हणत नाही. त्याची कारणे पुढे येतील.

१९०२ साली ग्रामोफोन कंपनीचा फ्रेडरिक गैसबर्ग कलकत्त्याला आला आणि त्याने गौहर जान यांचे गाणे मुद्रित केले. गायकाने एका मोठ्या कर्ण्यात तोंड घालून गायचे. आवाज चढला की मागे सरायचे, उतरला की पुढे व्हायचे. गाणे तीन मिनिटांच्या आसपास संपले पाहिजे, कारण तबकडीवर जागाच तेवढी. तबकड्या छापल्या जात जर्मनीत हॅनोव्हरला. तेथल्या कामगारांना नाव कळावे म्हणून गौहर जान गाण्याच्या शेवटी स्वतःचे नाव उच्चारीत. आपले नाव आपल्याच तोंडाने, पण दुसऱ्याच्या कारखान्याच्या सोयीसाठी घ्यायचे, असा हा आरंभ आहे. १९०८ मध्ये कलकत्त्यात सियालदहला कारखाना निघाला, १९२५ च्या सुमारास कर्णा जाऊन मायक्रोफोन आला. पण तीन मिनिटांची चौकट तशीच राहिली.

या चौकटीचा अर्थ आपण समजून घेतला पाहिजे. सत्यशोधक जलसा काय किंवा १९३० च्या दशकात भीमराव कर्डक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उभा केलेला आंबेडकरी जलसा काय, हा प्रकार रात्र जागवणारा. त्यात गाण्याइतकेच बोलणे, सवाल-जवाब, फार्स, मध्येच समोरच्या माणसाला उद्देशून मारलेला टोला. तीन मिनिटांत यातले काय बसणार? एक कडवे, एक टेक. बाकीचा विचार कर्ण्याबाहेर राहिला. जलसा तबकडीवर फारसा आला नाही याचे कारण तो कमी प्रतीचा होता असे कोणी सुचवील, तर त्याला ही तबकडीची मापे दाखवावीत.

नभोवाणीचीही तीच तऱ्हा. १९४० साली ऑल इंडिया रेडिओने हार्मोनियमवर बंदी घातली. कारण दिले गेले शास्त्रीय संगीताचे: या परदेशी पेटीत मींड नाही, श्रुती नाहीत. ही बंदी सुमारे तीस वर्षे टिकली. त्यावर विद्वानांनी बरेच लिहिले आहे, परंतु पेटी हे ज्यांचे एकमेव स्वरवाद्य होते त्या जलसाकारांच्या बाजूने तिचा विचार क्वचितच झाला. डोक्यावर पेटी घेऊन गावोगाव पायी हिंडणाऱ्या माणसाला सारंगी आणि तानपुरा कोठून मिळणार होता? स्वतः बाबासाहेबांचा आवाज आज आपल्याला ऐकायला मिळतो तो फार थोड्या मुद्रणांत. १९५४ चे आकाशवाणीवरील भाषण आणि १९५५ ची बी.बी.सी.ची मुलाखत ही त्यांतली माहितीची. ज्या माणसाने हजारो सभा गाजवल्या त्याचा आवाज जपण्याइतकी यंत्रे त्याच्या माणसांच्या हाती नव्हती.

पुढे ध्वनिफीत आली आणि स्टुडिओला काच आली. काचेच्या अलीकडे गायक, पलीकडे अभियंता. तो बटन दाबून बोलला तर ऐकू येणार, नाही तर फक्त त्याचे ओठ हललेले दिसणार. पलीकडची माणसे काय बोलत आहेत, हसली ती आपल्याला की आणखी कशाला, हे गाणाऱ्याला कळत नसे. मोठ्या स्टुडिओंत फितीचे यंत्र भिंतीशी असे आणि अभियंत्याला उठावे लागू नये म्हणून तारेने जोडलेली एक नियंत्रणपेटी त्याच्या हाताशी ठेवीत. म्हणजे दूरनियंत्रण हा प्रकार जुनाच आहे. तो आधी जन्मला तो बसलेल्या माणसाला बसूनच राहता यावे म्हणून. उभ्या असलेल्या माणसाच्या हाती तो यायला आणखी काही दशके लागली.

हे सगळे मी पाचगणीत बसून लिहितो आहे, आणि या गावाचा या इतिहासाशी एक विलक्षण संबंध आहे. दांडेघर, गोडवली, आंब्रळ, खिंगर, ताईघाट या गावांच्या मधोमध इंग्रजांनी हे थंड हवेचे ठिकाण वसवले. पुढे निवासी शाळा आल्या, आणि शाळांबरोबर पियानो आले. १९५० च्या दशकात येथल्या सेंट पीटर्स शाळेत झांजिबारहून आलेला फारुख बलसारा नावाचा एक पारशी मुलगा शिकत होता. तो पियानो शिकला, ‘हेक्टिक्स’ नावाचा मुलांचा बँड त्याने मित्रांबरोबर काढला. पुढे तो फ्रेडी मर्क्युरी या नावाने जगाला माहीत झाला. १९७५ साली त्याच्या ‘क्वीन’ या वाद्यवृंदाने ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ हे गाणे चोवीस ट्रॅकांच्या फितीवर मुद्रित केले. तीन माणसांचे आवाज एकावर एक इतके थर देऊन चढवले की फीत झिजून तिच्यातून आरपार दिसू लागले, असे त्या मंडळींनीच सांगितले आहे. गाणे तीन मिनिटांचे असावे हा बाजाराचा संकेतही त्यांनी झुगारला. ते सहा मिनिटांच्या जवळ जाते. यंत्रावर आपला हक्क आहे असे मानणारा कलावंत काय करू शकतो याचे हे उदाहरण आहे.

त्या मुलाबद्दल मला असूया नाही. आठव्या वर्षी घर सोडून समुद्रापार आलेले ते पोर होते. पण त्याच दशकात माझी आजी येथल्याच एका दुसऱ्या निवासी शाळेत झाडलोट करीत होती, आणि संगीताच्या खोलीतला पियानो पुसायचा तर झाकण बंद असतानाच पुसायचा अशी तिला ताकीद होती. ती चांगली गायची. तिचे एकही गाणे कोठे मुद्रित नाही. आमच्या घरात पदवीपर्यंत पोचलेला मी पहिला. मी कागदपत्रांचा अभ्यास करायला शिकलो तेव्हा ध्यानात आले की माझ्या स्वतःच्या घरचे दस्तऐवज हवेत विरून गेले आहेत.

कॅसेटने हे चित्र बऱ्याच अंशी बदलले, हे मान्य केले पाहिजे. फिलिप्सने १९६३ मध्ये काढलेली ही डबी सत्तरच्या दशकाच्या अखेरीस आपल्याकडे गल्लोगल्ली पोचली. १९८३ मध्ये गुलशन कुमार यांची टी-सीरिज निघाली, आणि तबकडीच्या जुन्या मक्तेदारीला अनेक लहानमोठ्या कंपन्यांनी खिंडार पाडले. प्रल्हाद शिंदे, विठ्ठल उमप यांचे आवाज झोपडीझोपडीत गेले. ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर कॅसेटींचे ढीग लागू लागले. वामनदादा कर्डकांनी लिहिलेली गाणी त्यांना कधी न पाहिलेल्या माणसांच्या तोंडी बसली. परंतु स्टुडिओतली काच जागेवरच होती. गीतकाराला, गायकाला बहुधा एकदाच ठरलेली रक्कम मिळायची. कॅसेट किती खपली याचा हिशेब त्याच्यापर्यंत येत नसे.

कॅसेटची दुसरी एक बाजू मात्र मला अधिक मोलाची वाटते. ‘टू-इन-वन’ नावाच्या त्या टेपरेकॉर्डरवर एक लाल कळ होती. ती आणि शेजारची कळ एकदम दाबली की मुद्रण सुरू. वस्तीत कोणाच्या तरी घरी तो टेप असे, आणि १४ एप्रिलच्या रात्री तो समाजमंदिराच्या खिडकीत ठेवून गाणी भरून घेतली जात. आमच्या माणसाच्या बोटाखाली आलेली ती पहिली कळ. आवाज कसा येई? हलगीच्या पहिल्या थापेलाच तो फाटे, कारण त्या टेपातला बारीकसा माइक एवढा कडाका सोसण्यासाठी केलेलाच नव्हता. आणि पुढच्या लग्नात त्याच कॅसेटवर सनई भरली जाई. पैशाने एक कॅसेट अधिक घेता आली असती तर आज आपले अर्धे संग्रहालय तयार असते.

१९८३ हेच वर्ष आणखी एका कारणाने लक्षात ठेवण्यासारखे आहे. निरनिराळ्या कंपन्यांची विद्युत्वाद्ये आणि संगणक एकमेकांशी बोलू शकतील अशी ‘मिडी’ नावाची समान भाषा त्या वर्षी बाजारात आली. या भाषेतून आवाज जात नाही. जातात ते केवळ हुकूम: ही पट्टी दाबली, ती सोडली, इतक्या जोराने. पुढे १९९७ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील संगीत-संशोधन केंद्रात मॅट राइट आणि एड्रियन फ्रीड यांनी ‘ओपन साउंड कंट्रोल’ ही अधिक मोकळी भाषा तयार केली. तिच्यातला संदेश पोस्टाच्या पाकिटासारखा असतो. वर पत्ता (ट्रॅक दुसरा, आवाजाची पट्टी) आणि आत एक आकडा. ही पाकिटे साध्या जाळ्यावरून, वाय-फायवरून जाऊ शकतात. २००७ मध्ये आयफोन आला, २००८ मध्ये ‘टचओएससी’ नावाचा कार्यक्रम आला, २०१० मध्ये आयपॅड. आणि काचेच्या पाटीवर बोट फिरवून खोलीपलीकडचा ध्वनिमुद्रणाचा संगणक चालवता येऊ लागला. २०१३ मध्ये अॅपलने आपल्या ‘लॉजिक’साठी असाच कार्यक्रम दिला. ‘रीपर’ या तुलनेने स्वस्त कार्यक्रमात तर फोनवर वेगळे काहीच बसवावे लागत नाही. फोनच्या ब्राउझरमध्ये संगणकाचा पत्ता घातला की कळा समोर येतात. शिवाय त्या कळांचे पान आपल्याला हवे तसे, आपल्या लिपीत लिहून घेता येते.

माझ्या विद्यार्थ्यांनी आणि मी गेली काही वर्षे आमच्या परिसरातली जुनी गाणी मुद्रित करायला घेतली आहेत. साधनसामग्री सांगण्यासारखी नाही. एक जुना लॅपटॉप, दोन माइक जोडता येतील अशी छोटी पेटी, दोन माइक आणि मुलांचे फोन. जागा समाजमंदिराची. लॅपटॉपचा पंखा असा घरघरतो की मंद आवाजातली ओवी त्यात बुडून जाते. म्हणून तो शेजारच्या खोलीत, दार लोटून. मग सुरू-बंद करायला एक मुलगा सारखा आत-बाहेर धावणार. फोनने ही धावपळ संपवली. पाचगणीत पावसाळ्यात वीज जाते, मोबाइलचे टॉवर धुक्यात गप्प होतात. पण यातले काहीच आड येत नाही, कारण एका फोनने हॉटस्पॉट चालू केला की लॅपटॉप आणि दुसरा फोन त्या चार भिंतींतल्या जाळ्यावर बोलतात. इंटरनेटचा पैसा लागत नाही. रिचार्ज संपलेला फोनही या कामाला चालतो, हे मुलांनी मला दाखवले.

आमच्या हलगीवाल्यांना याचा उपयोग ज्या कारणाने झाला ते कोणत्याही माहितीपत्रकात सापडणार नाही. धुक्याच्या हवेत हलगीचे कातडे सैल पडते. शेगडीवर तापवावे, दोन थापा मारून कानाने पारखावे, आणि ती बोलू लागली की लगेच वाजवावे. थोड्या वेळात ती पुन्हा उतरते. ‘थांबा, मशीन तयार नाही’ म्हणणारा माणूस मध्ये असला की तापलेली हलगी गेली. आता हलगीवालाच शेगडीशेजारी फोन ठेवतो, हलगी चढली की स्वतः कळ दाबतो, घुमकं आणि कैताळवाल्याला मान हलवून इशारा देतो. वाजवणाऱ्याच्या कानाला योग्य वाटलेला क्षण हाच मुद्रणाचा आरंभ ठरतो.

येथे एक खुलासा करतो, कारण तरुण मित्र फोनच्या पट्ट्यांना भुलतात. फोनवरची पट्टी खाली ओढली म्हणून फाटलेला आवाज सांधला जात नाही. ती पट्टी बहुधा मुद्रित झालेल्या आवाजाची असते. आत येणारा आवाज किती घ्यायचा हे माइकच्या त्या छोट्या पेटीवरची मूठ ठरवते, आणि ती हातानेच फिरवावी लागते. तसेच ओपन साउंड कंट्रोलची पाकिटे बहुतेक वेळा पावतीशिवायच जातात. एखादे वाटेत हरवले तर कळत नाही. म्हणून कळ दाबल्यावर वेळेचा आकडा पळू लागला की नाही हे पाहिल्याशिवाय गायला सुरुवात करू नये. आणि फोनवरून दुसऱ्या खोलीतले वाद्य तालात वाजवायचा प्रयत्न करू नये. हुकूम क्षणभर उशिरा पोचला तर सुरू-बंदला फरक पडत नाही, तालाला पडतो.

खरा प्रश्न पुढचा आहे. आमच्या वस्तीतल्या एक आत्या, वय ऐंशीच्या पुढे, जुन्या जलशातली गाणी त्यांना पाठ आहेत. त्यांना अक्षर येत नाही. म्हणून मुलांनी त्यांच्यासाठी वेगळे पान केले: तीनच मोठ्या कळा. सुरूची लाल, थांबण्याची काळी, आणि तिसरी झालेले मागे घेण्याची. तिसरीवर एकाने केरसुणीचे चित्र काढले होते. एका विद्यार्थिनीने ते काढायला लावले. त्या बाईंचे हात जन्मभर ज्यावर झिजले ते चित्र त्यांच्यासमोर पुन्हा कशाला, असे तिचे म्हणणे. मग पाटी पुसायचे फडके आले.

आत्यांनी एक गाणे म्हटले. त्यात विहिरीवर बायकांना अडवणाऱ्या एका माणसाचे नाव होते, उघड, यमकात बसवलेले. गाणे संपले, त्यांनी काळी कळ दाबली आणि गप्प बसल्या. मग म्हणाल्या, “त्येचा नातू आमच्या पोरीचा मालक हाय. ह्ये नगं ऱ्हायाला.” आणि फडक्याची कळ स्वतः दाबली. पुन्हा गायल्या, नावाच्या जागी ‘कुनी एक’ घालून. थोड्या वेळाने मला जवळ बोलावून म्हणाल्या, “पर खरं त्ये पयलंच हाय, लेकरा. माज्यापुरतं एक तसंबी ठेव.” तिसऱ्यांदा त्या पुन्हा नावासकट गायल्या.

गेली शंभर-दीडशे वर्षे आमच्या लोकांची गाणी, ओव्या, शिव्या, कथा जमवायला अनेक जण आले. अधिकारी, मिशनरी, अभ्यासक. त्यांतल्या काहींचे ऋण मोठे आहे. पण सांगणाऱ्याला ‘हे पुसा’ म्हणण्याचा अधिकार होता काय? त्याने म्हटले तरी पुसले गेले हे त्याला कोठे दिसणार होते? गाण्याचा हक्क आपण चळवळीत मिळवला. न गाण्याचा, आणि गायिलेले परत घेण्याचा हक्क हा त्याचाच दुसरा भाग आहे, आणि तो गरिबाला अधिक लागतो, कारण त्याच्या गाण्याची किंमत त्याच्या मजुरीतून वसूल होऊ शकते.

पण फोन हा अधिकार पूर्ण देत नाही. फोनवर ‘मागे घे’ दाबले की संगणकाच्या पडद्यावरून तो तुकडा जातो. त्याची फाइल मात्र डिस्कवरच्या फोल्डरमध्ये पडून राहते. ज्याच्या ताब्यात डिस्क त्याच्या ताब्यात आवाज. हातातला फोन म्हणजे केवळ हुकमांची पाटी. हे माहीत असल्यामुळे आम्ही पहिल्या दिवसापासून एक रीत ठेवली आहे. बैठक संपली की लॅपटॉप बाहेर आणायचा, फोल्डर उघडायचा, एकेक फाइल गाणाऱ्याला ऐकवायची आणि नको असलेली त्याच्यासमोर कायमची काढायची. यात तास जातो. मुले कंटाळतात. जाऊ द्या तास.

कायद्याची भाषाही येथे पाहण्यासारखी आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात १९९४ साली झालेल्या दुरुस्तीनुसार ध्वनिमुद्रणाचा ‘कर्ता’ म्हणजे त्याचा निर्माता. आणि निर्माता कोण, तर मुद्रण करण्यात ज्याने पुढाकार घेतला आणि जबाबदारी उचलली तो. गाणारा नव्हे. २०१२ च्या दुरुस्तीने गीतकार आणि संगीतकार यांच्या स्वामित्वधनाला काही संरक्षण दिले, ते चांगलेच झाले. पण मुद्रणाचा मालक पुढाकार घेणाराच राहिला. मग आपण पुढाकार का घेऊ नये? हलगीवाल्याने स्वतःची कळ स्वतः दाबली म्हणून तो आपोआप निर्माता ठरतो असे मी म्हणत नाही, वकील हसतील. परंतु कोणी ठरवले, कधी सुरू झाले, कोणी थांबवले, खर्च कोणी केला, याची नोंद तारखेसह वहीत असेल आणि खाली गाणाऱ्याची सही किंवा अंगठा असेल, तर वाद निर्माण झाल्यावर ती वही उपयोगी पडेल. हे काम शिक्षकांनी आणि विद्यार्थ्यांनी करण्यासारखे आहे, आणि त्याला महागडा स्टुडिओ लागत नाही.

परावलंबनाचा मुद्दा मी टाळत नाही. फ्रान्समधल्या एका कंपनीने २००५ च्या सुमारास ‘लेमर’ नावाची महागडी स्पर्शपाटी याच कामासाठी काढली होती. फोन-टॅबलेट आल्यावर तिचा बाजार बसला. जुन्या फोनवर नवे कार्यक्रम चालेनासे होतात. आजची पाटी पाच वर्षांनी चालेल याची हमी कोणी देत नाही. म्हणून आमची मुद्रणे साध्या वेव्ह फाइलींत ठेवलेली असतात, ज्या कोणत्याही संगणकावर उघडतात. त्या कळांचे पान उद्या नाहीसे झाले तरी गाण्याला धक्का नाही.

सध्या प्रत्येक गाण्याच्या तीन प्रती निघतात. एक महाविद्यालयात, एक समाजमंदिराच्या कपाटात, एक गाणाऱ्याच्या घरी. आत्यांच्या त्या गाण्याची ‘कुनी एक’वाली प्रत तिन्ही ठिकाणी आहे. नावासकट गायिलेली एकच आहे, त्यांच्या लोखंडी ट्रंकेतल्या डिस्कवर, लुगड्यांच्या खाली. किल्ली त्यांच्या कमरेला असते.